पावातली बी

...थेंब पुन्हा आला. कापलेल्या तांब्याच्या नळीच्या तोंडाशी, पडावं की नाही अशा विचारात असल्यासारखा लोंबकळत राहिला. मुख्य कॉक जन्मात कधी पुरता बंद न झालेला. आणि नळीत थेंबभर जरी पाणी असलं, तरी कितीही ज्योत धरा, सांधा हवा तसा तापत नाही, डाख — जोडाचं वितळलेलं कथील — आत शिरत नाही — हे क्लिफर्डला झोपेतही ठाऊक होतं. सिंकखालच्या कपाटात तो अर्धा शिरलेला, गुडघे बाहेर, आणि गुडघ्यांपलीकडे त्याच्या लेकीच्या, जनीनच्या सपाता.

"डॅड, राहू द्या. मी माणूस बोलावते."

"मग आत कोण शिरलंय, मांजर?"

"तसं नाही हो. हात थरथरतो तुमचा. सांधा गळला म्हणजे?"

माणूस... अख्ख्या हडर्सफील्ड गावात नळ दुरुस्त करणारा मीच तर होतो तो माणूस. बायका दारातून ओरडायच्या, 'माणूस आलाय!' — आणि नवरे पेपरामागे लपायचे. आज हा सांधा गळला, की पुन्हा कामाला हाक नाही. रविवारचं जेवण तेवढं, तेही 'सावकाश हं, डॅड' म्हणत वाढलेलं.

"पाव दे. पांढरा."

मऊ पावाचा बोळा नळीत कोंबायचा; तो पाणी पितो, तेवढ्यात डाख लावून घ्यायचा; मग कॉक सोडला की पाव विरघळून नळातून निघून जातो. बायको, एडना, डब्यात एक स्लाइस वेगळी ठेवायची — 'ही कामाची, खायची नाही' — आणि तो नेमकी तीच खायचा...

"पांढरा कोण खातं आता? बियांचा आहे."

तो बिया निवडत बसला. जवस, सूर्यफूल... एक जरी राहिली तरी नळाच्या जाळीत अडकणार, धार बारीक होणार, ती काढायला पुन्हा यावं लागणार. बोळा आत सरकला. ज्योत सांध्याभोवती फिरली. हात थरथरला खरा, पण तांब्याने ते मनावर घेतलं नाही — डाखाची तार टेकताच वितळली, चकचकीत कडं करून आत ओढली गेली.

कॉक सोडला. त्याने सांध्याखाली बोट धरलं. कोरडं.

"जमलं की हो!" जनीन म्हणाली. "आता परत काही नाही ना होणार?"

बोळा सरकवताना त्यात काहीतरी काळं, बीएवढं, दिसलं होतं. दिसलं होतं ना? की सरकवल्यावर दिसलं... की आत्ताच, तिने विचारल्यावर?

"सांगता येत नाही," क्लिफर्ड कपाटाच्या अंधारात म्हणाला, आणि आपला आवाज इतका आनंदी का आला, ते त्याला कळेना.