चाचणी फेरी

"ही गाडी सुटायचीच नाही," असं म्हणून बाबांनी माझा कागद टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला.

कागदावर मी मोठ्या हौसेने आखलेली त्यांची परदेशाची सहल होती. सात दिवस, पाच शहरे. आई शाळेतून निवृत्त झाली, त्यानिमित्त माझ्याकडून दोघांना भेट. इंटरनेटवर चार जणांनी लिहिलेल्या सहली वाचून मी ती जुळवली होती. आता त्या कागदावर पांढऱ्यापेक्षा तांबड्या पेन्सिलीचा रंग जास्त होता.

"काय चुकलं त्यात?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"शहर बदललं की अर्धा दिवस गेला, तो कुठं धरलायस? एक हॉटेल अकराला बाहेर काढणार. दुसरं तीनला आत घेणार. मधले चार तास तुझ्या आईनं बॅग धरून फुटपाथवर उभं राहायचं?"

"बॅगा ठेवून घेतात हो, बाबा."

"विचारलंस? लेखी आहे?"

बाबांनी चौतीस वर्षे बस डेपोत वेळापत्रके बनवली. तिथे त्यांना सगळे घड्याळमास्तर म्हणत, आणि हे आपल्याला माहीत नाही असं दाखवण्यात त्यांना मोठी धन्यता वाटे. कुठली बस किती वाजता कुठे असायला हवी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. स्वतः मात्र ते कधी लांब गेले नाहीत. लोकांना वेळेवर पोचवता पोचवता नोकरी संपली.

त्यामुळे सहलीची गोष्ट निघाली तसा हा माणूस पेटलाच. तीन आठवडे मला दिवसातून चारदा फोन. तिथल्या गाडीचा फलाट म्हणे आयत्या वेळी सांगतात, मग तोवर लोक उभे कुठे राहतात? बसचा दरवाजा उजवीकडे की डावीकडे? सोमवारी संग्रहालय बंद असतं हे तुझ्या त्या चार शहाण्यांपैकी एकानेही का लिहिलं नाही? परतीचं विमान सकाळचं, तर आदली रात्र त्याच शहरात काढायला नको का? मी दाताच्या दवाखान्यात काम करते; एकदा तिथे कुणाच्या तरी कवळीचा साचा ओतत होते, तेवढ्यात फोन आला. "पहिला दिवस खोडतोय," बाबा म्हणाले. "विमानातून उतरलेला माणूस त्या दिवशी माणूस नसतो, सामान असतं. त्याला नुसतं पोचवायचं."

असं खोडता खोडता पाचाची तीन शहरे उरली. विमान उतरतं ते मोठं शहर, मग तळ्याचं शहर आणि मग आईचं शहर.

आईचं शहर म्हणजे दोन नद्यांचं. एकतीस वर्षे ती सहावीच्या मुलांना भूगोल शिकवत आली. त्यात एक धडा या नद्यांचा होता. एक तळ्यातून येते ती निळी, दुसरी बर्फाच्या डोंगरातून माती घेऊन येते ती मळकट. दोघी भेटतात, पण लगेच मिसळत नाहीत. एकाच पात्रात कितीतरी लांब शेजारी शेजारी वाहत जातात. आई फळ्यावर निळ्या आणि तपकिरी खडूने ते काढायची. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" आई म्हणाली, "नाही गं." घरी आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ते मला अजून आठवतं. आख्ख्या सहलीत तिने हीच एक गोष्ट मागितली होती. पण तो संगम नीट दिसतो तो एका कड्यावरून, आणि कड्यावर जायला दोनशे शहाऐंशी पायऱ्या. लिफ्ट नाही, रस्ता नाही. मी तिथल्या पर्यटन कचेरीला पत्र लिहून विचारलं होतं.

आणि घोडं अडलं ते आईच्या गुडघ्यापाशी. गेल्या वर्षापासून तिचा गुडघा धरत होता. जरा चढ लागला की ती थांबायची.

"चाचणी फेरी काढल्याशिवाय काही ठरवायचं नाही," बाबा म्हणाले.

डेपोत ही पद्धत होती. नवा मार्ग सुरू करायचा तर आधी त्यावरून एक बस नुसतीच न्यायची. प्रवाशांच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवायची, ड्रायव्हरशेजारी बाबा पाटी घेऊन बसायचे आणि प्रत्येक थांब्याला पोचायची वेळ, सुटायची वेळ, उशिराचं कारण लिहून काढायचे. तीच पद्धत त्यांनी आता आईला लावली. रविवारी सकाळी दोन्ही बॅगांत रद्दीचे गठ्ठे भरून आम्ही तिघे निघालो. बसने स्टेशन, स्टेशनातला जिना, दुसऱ्या फलाटावरून बाहेर, तिथून चालत पाण्याच्या टाकीच्या टेकडीपर्यंत. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "निघालात का परदेशाला?" आई म्हणाली, "हो, जेवायला घरी येतोय."

टेकडीला एकशे चाळीस पायऱ्या. बॅगा वर न्यायच्या नव्हत्या, कारण तिथे त्या हॉटेलात असणार होत्या. मग त्या दिवशी हॉटेल मी झाले. पायथ्याच्या बाकाशी बॅगा धरून बसले आणि त्या दोघांना चढताना पाहत राहिले. पंचवीसेक पायऱ्या झाल्या की आई कठड्याला धरून थांबायची, वाकून गुडघा चोळायची. बाबा पाटीवर लिहायचे. पाच वेळा असं झालं. वर पोचायला त्यांना बावीस मिनिटे लागली. उतरून आल्यावर आईच्या लक्षात आलं की चष्मा वरच राहिला.

"मी जाते," मी म्हणाले.

"तू हॉटेल आहेस, बस," असं म्हणून आई गेलीसुद्धा. मी डबा उघडून पहिला घास घेते न घेते तोच ती चष्मा घालून परत हजर. बाबा बॅगेवर बसून पाणी पीत होते. सवयीने त्यांनी तेही पाटीवर टिपलं.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी निकाल दिला. "पाच थांबे एकशे चाळीस पायऱ्यांना. तिथं दुप्पट. वर नवखी जागा. तिसरं शहर बसत नाही."

मी आईकडे पाहिलं. ती ताटं उचलत होती. "मग काढून टाका," ती म्हणाली. "मी फोटोत पाहीन. तसंही आजवर फोटोतच पाहिलंय."

माझा संताप झाला. स्वयंपाकघरात जाऊन मी तिला गाठलं. "आई, गुडघा दाखव बरं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. पट्टा मिळतो, इंजेक्शन मिळतं. एवढ्यावरून ते शहर कसलं सोडतेस?"

"हळू बोल."

"का हळू? आणि चष्म्याला कशी पळत गेलीस गं?"

आईने नळ बंद केला. हात पुसले. बाहेर एकदा डोकावून पाहिलं.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षी आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. यांचं हृदय थकलंय म्हणाले. सपाटीवर हवं तेवढं फिरा, विमानानं जा, पण चढताना दम लागला की थांबायचं. परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर एक अक्षर नाही. त्या दिवसापासून घरात तो विषय निघाला नाही, आणि त्या दिवसापासून माझा गुडघा दुखायला लागला."

मी ओट्यावरचं एक ताट उचलून पुसायला घेतलं.

"ते थांबणार नाहीत गं. आपल्यामुळे उशीर झाला, हे त्यांना सोसायचं नाही. आयुष्यात झालेला नाही कधी. श्वासाचा आवाज वाढला की मी आपली थांबते."

"पण तुझ्या नद्या?"

"नद्या कुठं जातायत?" आई म्हणाली, आणि तिने पुन्हा नळ सोडला. मला फार वाईट वाटलं. बाबांचा रागही आला, आणि राग आल्याचं आणखी वाईट वाटलं. त्यांना स्पष्ट सांगून टाकते, असं मी म्हणाले तर आईने शपथच घातली.

मी मूग गिळून बाहेर आले. बाबा टेबलाशी बसले होते. फेरीनंतर पाटीवरच्या वेळा वहीत उतरवायच्या, ही त्यांची जुनी शिस्त. पण वही उघडी होती आणि हात थांबला होता. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पायऱ्या सुरू, दहा पाच. टाकी, दहा सत्तावीस. त्याखाली पाच थांबे आणि प्रत्येकासमोर कारण: गुडघा, गुडघा, गुडघा. आणि अगदी शेवटची ओळ: चष्मा. निघाली दहा अठ्ठेचाळीस, परत दहा सत्तावन्न.

नऊ मिनिटे. जाऊन येऊन.

त्यांच्यासारख्या माणसाला त्यावर आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. आई दाणे निवडायला बाहेर येऊन बसली तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "वर जायला किती वेळ लागला गं तुला? चष्म्याला गेलीस तेव्हा?"

"मी कुठं मोजते? मोजायचं काम तुमचं."

"गुडघा धरला नाही?"

आईचा हात ताटातल्या ताटात थांबला. "तेव्हा नाही धरला," ती म्हणाली. "धरतो कधी कधी."

"वर्षभर?"

आईने दाण्यांतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. मग वही मिटून ते आतल्या खोलीत गेले. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच चुगली केली. मी नुसती वहीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. "यावरून बुकिंग कर. पण आधी तुझ्या आईला दाखव. तिला पटतंय का बघ."

तीन शहरे होती. चौथ्या दिवसापाशी त्यांनी पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. असं त्यांनी आख्ख्या सहलीत दुसरीकडे कुठेही केलं नव्हतं. डावीकडे: नऊ चाळीस, ती पायऱ्या चढेल. उजवीकडे: नऊ चाळीस, मी खाली, नदीकाठच्या बाकावर. मग अकरा दहापर्यंत उजवीकडे काहीच नाही, कोरं. त्याखाली रेघ संपत होती आणि दोघांसाठी मिळून एक ओळ होती: अकरा दहा ते बारा, ती काय पाहिलं ते सांगेल.

आईने उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"दीड तास एकटे बसाल?"

"बसेन की. नदी खालूनही दिसतेच."

"रंग नाही दिसायचे खालून."

"मग तू नीट बघून ये. पन्नास मिनिटं दिलीयत सांगायला. पुरतील ना?"

"वर्गात चाळीस मिनिटांचा तास असायचा," आई म्हणाली. तिने कागदाची पुन्हा घडी घातली. "पुरतील."

पण चाचणी एकदा काढून भागत नाही. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा टेकडीशी. या वेळी बॅगा नव्हत्या. बाबा पायथ्याच्या बाकावर बसले, शेजारी मी. आई एकटीच चढू लागली. सुरुवातीला ती दर थोड्या पायऱ्यांनी मागे वळून पाहत होती. बाबा हाताने तिला पुढे जा म्हणून खुणावत होते. मग तिचं पाहणं थांबलं आणि ती भराभर, पदर खोचून, वर्गाला उशीर झाल्यासारखी निघाली.

"कुठवर गेली?" बाबांना इतक्या लांबचं नीट दिसत नव्हतं.

"अर्ध्यात."

"थांबली?"

"नाही."

"आता?"

"वळणापाशी. नाही थांबली, बाबा."

"एवढी भरभर चालते," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. एवढ्या वर्षांत आपल्या हे लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटत असावं. पाटी मांडीवर होती, पण ते लिहीत नव्हते.

वर पोचल्यावर आईने टाकीच्या कठड्याला हात लावला आणि वळली. बाबांनी हात उंच केला. तो तिला दिसला असावा, कारण ती एकदम थबकली, आणि इतक्या लांबून, सवयीने, वाकून तिने गुडघ्यावर हात ठेवला.

"काय करतेय?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी हात खाली घेतला नाही. "तिला सांग," ते म्हणाले, "म्हणावं, मी बसलोय इथं. सावकाश ये."