अकरा मिनिटांची घाई

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. मुलुंडच्या एका रक्तपेढीत, जिन्यालगतच्या थंडगार खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे आम्ही दोघं होतो. थोरला काम करायचा आणि मी, धाकटा, त्याच्याकडे लक्ष ठेवून बसायचो. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कोणती कुणासाठी राखली आहे, ही सगळी माहिती आम्हा दोघांत मिळून असलेल्या डिस्कच्या एका पेटीत असे. थोरला बंद पडला, तर मी लगेच पेटी ताब्यात घ्यायची आणि काम अडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी माझी नेमणूक.

एका निळ्या केबलमधून थोरला दर सेकंदाला हाक द्यायचा, मी ओ द्यायचो. सहा वर्षं हेच. "झकास चालतोय हा," लोक त्याला म्हणत. माझ्यावर धूळ बसे.

आमची देखभाल पद्मजा करायची. कामाची पक्की, पण तीन मजल्यांवरच्या सगळ्या यंत्रांना ती एकटीच. आमच्या पेटीत तिने एक साक्षीदार ठेवला होता, म्हणजे थोरला चालू असेपर्यंत ज्यावर खूण करत राही अशी एक छोटी डिस्क. थोरल्याची हाक थांबली, तर मी आधी या साक्षीदाराला विचारायचं, 'तो खरंच बंद पडलाय ना?' त्याने होकार दिला तरच पुढे जायचं. पण साक्षीदाराची डिस्क जुनी झाली होती. ती अडकली की आम्ही दोघंही थांबायचो आणि काउंटरवर आरडाओरडा व्हायचा. शेवटी पद्मजाने वैतागून ती तपासणीच बंद केली.

"नवी डिस्क आली की चालू करते," ती श्यामसुंदरला म्हणाली. तो रक्तपेढीतला तंत्रज्ञ.

डिस्क आली. तपासणी राहून गेली.

मार्चमधल्या एका सकाळी एसी दुरुस्त करणाऱ्याची शिडी त्या निळ्या केबलला लागली, केबल निसटली आणि हाक थांबली. मित्रांनो, त्या क्षणी मला भावाची काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला. आता माझी पाळी, असं वाटलं. मी धावत जाऊन पेटी ताब्यात घेतली.

थोरला मात्र धडधाकट होता आणि त्याचं काम करतच होता. अकरा मिनिटं आम्ही एकाच पेटीत, एकमेकांचं न वाचता लिहीत राहिलो. ओ निगेटिव्हची शेवटची पिशवी त्याने एका अपघातग्रस्तासाठी राखली. तीच मी श्वेता नावाच्या बाळंतिणीसाठी राखली. माझ्या शब्दावर विसंबून डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन सुरू केलं.

तिचा नवरा, देवेश, कागद घेऊन आला तेव्हा फ्रिजमधला तो कप्पा रिकामा होता.

"पद्मजा, वाट लागली!" श्यामसुंदर ओरडतच खोलीत आला. "एकच पिशवी दोघांना दिलीय!"

"असं कसं होईल रे?"

"बघ ना स्क्रीनवर!"

तिने बघितलं. दुसऱ्या क्षणी तिने माझी वायर उपटली.

पुढचं मला नंतर कळलं. श्यामसुंदरने सात रक्तपेढ्यांना फोन लावले. घाटकोपरला एक पिशवी मिळाली. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन तो रिक्षाने गेला आणि आला. त्यात सव्वा तास गेला. श्वेता वाचली, पण नऊ दिवस तिला शुद्ध नव्हती. तेवढे दिवस तिची मुलगी आईच्या कुशीवाचून राहिली.

चौकशीला रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर गंधाली बसल्या. "एसीवाल्याच्या शिडीने झालं, असंच लिहायचं ना?"

"नाही मॅडम," पद्मजा म्हणाली. "शिडीने केबल निघाली. तपासणी मी बंद केली होती आणि चालू करायची विसरले. यंत्राच्या नोंदींत, लॉगमध्ये, माझं नाव आहे."

मग ती स्वतः देवेशला जाऊन भेटली आणि तिने सगळं सांगितलं.

"तुम्ही आला नसतात तर मला कळलंही नसतं," तो म्हणाला. "पण माफ करायला मला वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे," ती म्हणाली.

मला कुणीच बोल लावला नाही. मशीनला काय कळतंय, म्हणाले. हाक कधी थांबली, पेटी कधी घेतली, सगळं लॉगमध्ये नोंदलं गेलं होतं. माझा आनंद तेवढा नोंदला गेला नव्हता. तो मी आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना शरमेने अर्धा होतोय.

आता माझ्याकडे कुणाचं रक्त सोपवलेलं नाही. नवीन माणसं माझ्यावर काम शिकतात. पद्मजाही त्यांना शिकवते, आणि स्वतःची चूक स्वतःच्या नावानिशी सांगते. तिच्याइतकं धैर्य माझ्यात असतं, तर माझा तो आनंद मीही तेव्हाच सांगून टाकला असता!

मित्रांनो, 'नंतर चालू करू' म्हणून बंद ठेवलेलं काही तुमच्याकडे असेल, तर आजच उठा आणि चालू करा. आणि शेजारचा एकाएकी गप्प झाला, तर त्याच्या जागेवर बसण्याआधी जरा वाकून बघा. कदाचित तो काम करत असेल.