माझी जोडणी चार वेळा बदलली

मित्रांनो, मला जुना म्हणा, खुशाल म्हणा. भंगार म्हणालात तर मात्र मी ऐकून घेणार नाही. मी गिटारचा ॲम्प्लिफायर आहे, काचेच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा. पन्नासेक वर्षांपूर्वी भूमच्या गफार मिस्त्रींनी दोन निकामी रेडिओ उघडून मला घडवले. त्यांचे दोस्त शंभुलिंगअप्पा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत, आणि त्यांना विकतचा ॲम्प्लिफायर परवडत नव्हता.

तेव्हा माझ्यात तीनच व्हॉल्व्ह होते. एक वीज सरळ करी, दुसरा गिटारचा बारीक आवाज वाढवी, तिसरा त्यात स्पीकर हलवण्याइतका जोर भरी. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत मी गप्प राही. लोक उतावळे होत, अप्पा मात्र शांतपणे तारा जुळवत बसत.

बाजारतळावरच्या पहिल्याच कार्यक्रमात ढोलकीपुढे माझा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. मिस्त्रींना ते फार लागले. त्यांनी मला उघडून जोराचे दोन व्हॉल्व्ह बसवले. आता एक ढकली, दुसरा ओढी. आवाज दुपटीने वाढला. पुढे आवाज स्वच्छ व्हावा म्हणून स्पीकरकडून मागे जाणारी एक तार त्यांनी जोडली.

अप्पांनी दोन सूर वाजवले आणि हात थांबवला.

"गफारभाई, धुऊन काढला की हो आवाज! ह्यातली रग कुठं गेली?"

"स्वच्छ तर झाला न्हाय का?"

"झाला. पण मला दोन्ही लागतात."

मिस्त्री आठवडाभर रुसले. मग त्या तारेत त्यांनी एक स्विच टाकला. वर केला की मी सभ्य, खाली केला की बेफाम. पुढे वीज सरळ करणारा व्हॉल्व्ह बाजारात मिळेनासा झाला, तेव्हा त्याच्या जागी डायोड आले. त्यांनी विजेचा दाब फारच वाढला, म्हणून तो उतरवायला मिस्त्रींनी एक जाड रेझिस्टर बसवला. जोराचे व्हॉल्व्ह, स्विचची तार आणि डायोड, अशा तीन वेळा माझ्या तारा बदलल्या, आणि प्रत्येक वेळी त्याला कारण होते.

मग घरोघरी कीबोर्ड आले, ऑर्केस्ट्रा बंद पडला. अप्पा वारले. त्यांची मुलगी राजेश्वरी येडशीच्या शाळेत संगीत शिकवते. तिने मला कपाटावर ठेवले होते. मागच्या वर्षी शाळेच्या संमेलनासाठी तिने मला खाली काढले, तर मी नुसता घुमलो आणि बंद पडलो. शहरातल्या एका दुकानदाराने मला पाहून सांगितले, "डबा ठेवू मॅडम. आतलं सगळं काढून रेडिमेड बोर्ड टाकू."

"आतलं काढलं तर राहिलं काय?" असे म्हणून तिने मला उचलले आणि एसटीने थेट भूमला नेले.

मिस्त्रींचे दुकान आता त्यांची लेक यास्मिन चालवते. मिस्त्री दाराशी खुर्चीवर बसलेले होते. त्यांची नजर पूर्ण गेली आहे. त्यांनी माझ्या कडांवरून हात फिरवला आणि विचारले, "शंभुलिंगचा का?"

"व्हय, चाचा," राजेश्वरी म्हणाली.

यास्मिनने आधी कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवली. मित्रांनो, बंद असूनही आम्ही जीवघेणा झटका देऊ शकतो. आम्हाला जाणत्या माणसानेच उघडावे. एकेक तार कुठून कुठे जाते ते ती सांगू लागली आणि पुढे काय करायचे ते मिस्त्री बसल्या जागेवरून सांगू लागले. सुकलेले कंडेन्सर बदलले. एक व्हॉल्व्ह बदलला. शेवटी तिने जमिनीला जोडायची तिसरी तार हातात घेतली.

"ती कशाला?" मिस्त्री म्हणाले. "माझ्या जोडणीत तिसरी तार न्हवती."

"न्हवती म्हणूनच अप्पांना झटके बसायचे, अब्बा. आत्ताच राजेश्वरीताई सांगत होत्या."

मिस्त्रींनी हात पुढे करून ती तार चाचपली. "मला कधी म्हणाला न्हाय तो," ते हळूच म्हणाले. मग तार तिच्या हातात परत दिली. "टाक."

संमेलनाच्या सकाळी मिस्त्री हट्टाने येडशीला आले. श्रीमंत नावाच्या साऊंड सिस्टीमवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, हा शोभेला ठेवा. गिटार आमच्या मिक्सरला जोडू."

"शोभेला ठेवायचं तर मलाही ठेवा," राजेश्वरी म्हणाली. "वाजवायचं असंल तर ह्याच्यातनंच वाजवीन."

"बंद पडला तर?"

"तर माझी फजिती होईल. तुमची न्हाय."

ती मंचावर आली. माझे व्हॉल्व्ह तापेपर्यंत पोरे कुजबुजत होती. तिने सभ्य सुरांत सुरुवात केली आणि मधेच वाकून स्विच खाली केला. मित्रांनो, इतक्या वर्षांचे माझे गप्प राहणे त्या सुरात फुटून बाहेर आले. पुढच्या रांगेत मिस्त्री ताडकन उठले आणि म्हणाले, "खाली केला! खाली केला तिनं!"  श्रीमंत यांनी एक माइक उचलला आणि माझ्या तोंडासमोर आणून ठेवला.

हल्ली काही जण येतात आणि यास्मिनला म्हणतात, ह्याला मूळ रूपात आणा, किंमत वाढेल. ती विचारते, "मूळ म्हंजी कोणतं?" त्यांना सांगता येत नाही. मलाही येत नाही. ढोलकीपुढे हरलेला तो पहिला डबा मी होतो, आणि आजचाही मीच आहे.

तेव्हा मित्रांनो, मला काचेच्या कपाटात घालू नका. माझी धूळ पुसा, वर्षातून चार वेळा मला तापवा, माझ्यात काय बदलले ते कागदावर लिहून आत चिकटवा. उद्या माझे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले तर तुमच्या अकलेने आणखी काही जोडा, मी तक्रार करणार नाही. फक्त माझे तोंड बंद करू नका. मला अजून पुष्कळ ओरडायचे आहे.