नुसते ओठ हलव

लॉइश्नर हेडमास्तर येऊन गेले आणि एल्फ्रीडेच्या हातून आणखी एक बशी फुटली. रागाच्या भरात तिने कधी भांडं आपटलं नव्हतं. भीती वाटली की मात्र हातातलं सुटायचं. या वसंतात घरातल्या निम्म्या बशा तशाच गेल्या होत्या.

सगळा घोर गुद्रुनचा होता, तिच्या एकुलत्या एक लेकीचा. येत्या रविवारी आठवीची सगळी मुलं सांस्कृतिक भवनात सरकारची शपथ घेणार होती. स्टेजवरून कोणी पार्टीचे साहेब विचारणार, समाजवादासाठी जिवाचं रान कराल ना, आणि मुलांनी एका सुरात म्हणायचं, 'होय, शपथ घेतो.' मग प्रत्येकाला एक फूल, एक पुस्तक, आणि घरी जाऊन केक. याच वयाची मुलं चर्चमध्ये आपल्या श्रद्धेची कबुली देतात, त्या दृढीकरणावर कडी करायलाच सरकारने हा सोहळा काढला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी सगळे जात होते, कारण न जाणाऱ्याला पुढची शाळा मिळत नसे. गुद्रुनला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. आणि गुद्रुन म्हणत होती, मी जाणार नाही.

"पुढची शाळा नाही म्हणजे काय, कळतं का तुला? जन्मभर सहकारी गोठ्यात शेण काढशील!"

"काढीन."

"काढीन म्हणे! मोठी आलीय काढणारी. परवा गाडीतून उतरताना बूट शेणाने भरला तर केवढं तोंड वाकडं केलं होतंस!"

"आई, शपथेच्या शिकवणीत त्यांनी आम्हाला सांगितलं, देव म्हणजे म्हाताऱ्यांना गप्प बसवायची गोष्ट. त्यालाही मी होय म्हणू?"

एल्फ्रीडे तिला सोडून नवऱ्यावर घसरली. राइनहोल्ट लाकडी खेळणी घडवायचा. घरात वाद पेटला की त्याला हटकून शेडमधलं काम आठवायचं. "पोरीला काय वाटेल ते," एवढं बोलून तो सटकला. संसार दोघांचा आणि काळजी एकटीची, असाच या माणसाचा हिशेब होता.

चर्चच्या पाळकसाहेबांनी तर वाट साफ करून ठेवली होती. "शपथ घेऊ दे तिला. दृढीकरण पुढच्या वर्षी करू. हल्ली सगळे तसंच करतात." दुकानाच्या रांगेत शेजारणीने विचारलं, "काय हो, लेकीला थेट स्वर्गातल्या कॉलेजात घालणार म्हणे?" रांग खो खो हसली. एल्फ्रीडेही हसली, आणि पाव न घेताच घरी परतली.

तिची झोप उडाली, अन्न गोड लागेना. हेडमास्तर शेवटचं उत्तर ऐकायला संध्याकाळी येणार होते, त्या दुपारी बटाटे सोलता सोलता तिला एकदम युक्ती सुचली.

"गुद्रुन, ऐक. एवढी मुलं एकदम ओरडणार, त्यात तुझा आवाज कोणाला ऐकू येतोय? तू नुसते ओठ हलव. तोंडातून शब्दच बाहेर पडला नाही, तर शपथ कसली? देवाला कळतं की सगळं."

गुद्रुनने आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"माझ्यापायी काय दशा झालीय तुझी," ती म्हणाली. "बरं. जाईन मी. हलवीन ओठ."

एल्फ्रीडेने लेकीचा मुका घेतला. छातीवरचा दगड उतरला होता. तिने पांढरा ब्लाउज काढून इस्त्री केला, मोठ्या हौसेने जेवणाचं टेबल मांडलं, हेडमास्तरांसाठी केकचा तुकडाही बाजूला ठेवला.

जेवायला बसल्यावर तिघांनी हात जोडले. या घरात जेवणाआधीची उपकारस्तुती सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची रीत होती. एल्फ्रीडेला स्वतःचा आवाज ऐकू आला, राइनहोल्टचा जाडा आवाज ऐकू आला, आणि मध्ये काहीतरी कमी पडलं. तिने डोळे उघडले. गुद्रुनचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"मोठ्याने म्हण ना गं."

"म्हणवत नाही, आई." गुद्रुन पुटपुटली. "दुपारपासून प्रयत्न करतेय. तिकडे खोटे ओठ हलवायचं ठरवलं ना, आता इकडचे तरी खरे हलतात का, तेच कळेना झालंय मला."

इतके दिवस एल्फ्रीडेला पोरीच्या शाळेची भीती वाटत होती. आता खुद्द पोरीसाठीच वाटू लागली. आणि हे तिनेच, स्वतःच्या तोंडाने शिकवलं होतं. तेवढ्यात दार वाजलं.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. त्यांनी गुद्रुनसाठी वर शब्द टाकून पुढच्या शाळेतली एक जागा अडवून ठेवली होती. राइनहोल्टने पुढे केलेल्या खुर्चीत ते बसले, टोपी मांडीवर घेतली.

"मग? ऐकलं का पोरीने?" त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, एवढं मनाला काय लावून घेता! तिथे मनापासून कोण म्हणतं? मी तरी कुठे म्हणतो?"

काल हे ऐकून एल्फ्रीडेला केवढा धीर आला असता. आज ती त्या थकल्या, सभ्य चेहऱ्याकडे बघत राहिली. आपली पोर या वयाला पोचेल तेव्हा अशीच आवाज खाली आणून बोलेल, असं तिला वाटलं.

"मास्तर, ती येणार नाही."

"आई!" गुद्रुन उठलीच. "मी हो म्हटलंय ना!"

"मी नाही म्हणतेय."

"बाई, जागा हातची जाईल," हेडमास्तर म्हणाले. "पुन्हा मिळायची नाही. उद्या हीच पोर तुम्हाला दोष देईल."

तिला सगळ्यात जास्त धास्ती होती ती नेमकी याचीच. "देऊ दे," ती म्हणाली.

ते उठले. दारात घटकाभर थांबले, बाईचं मन पालटतंय का बघायला. धावत जाऊन त्यांची बाही धरावी असं एल्फ्रीडेला वाटलं. तिने टेबलाची कड घट्ट पकडून ठेवली. दार लागलं.

गुद्रुन मटकन खाली बसली. "मला डॉक्टर व्हायचं होतं गं, आई," ती म्हणाली, आणि तिने भोकाड पसरलं.

एल्फ्रीडेने तिला पोटाशी धरलं. चुकलं की बरोबर केलं, ते तिला सांगता आलं नसतं. पोर गळा काढून रडत होती, अगदी शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि एल्फ्रीडेने तिला गप्प केलं नाही.