वीजबिलाचा स्कोअर

कलावतीबाई कोपरीत घरून पोळीभाजीचे डबे देतात. कणीक मळून मनगटं दुखायला लागली, तेव्हा त्यांनी मळायचं मशीन घ्यायचं ठरवलं. पण आयुष्यात कर्जच घेतलेलं नाही, त्यामुळे बँकेत त्यांची पत दाखवणारा स्कोअरच निघेना.

"काकू, घरची बिलं जोडली की स्कोअर वाढतो," डबा न्यायला येणाऱ्या संचिताने फोनवर एक अ‍ॅप दाखवलं.

"म्हणजे मी बिल वेळेवर भरते, हे कुणीतरी बघतं?" कलावतीबाईंना नवलच वाटलं.

जोडायला बसल्या, तर मीटर नवऱ्याच्या, दौलतरावांच्या नावावर. त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली.

"मग एवढी वर्षं माझा वक्तशीरपणा ह्यांच्या नावावर?" त्यांना हसू आवरेना.

वीज कार्यालयात चार हेलपाटे घालून त्यांनी मीटर स्वतःच्या नावावर केला. अ‍ॅपचे महिना नव्याण्णव रुपये सुरू झाले. आकडा हळूहळू चढू लागला.

मे महिन्यात बिल आलं अकरा हजारांचं! रीडिंग चुकलं होतं. अशा वेळी त्या आधी तक्रार करायच्या, बिल दुरुस्त झालं की भरायच्या. याही वेळी तेच केलं. दुरुस्तीला तीन आठवडे लागले, तोवर आकडा धाडकन खाली. कारण लिहिलेलं, 'बिल थकीत'.

"चूक त्यांची आणि डाग मला?"

"तक्रार कुठे दिसते त्याला, काकू? भरलं की नाही, एवढंच कळतं."

कलावतीबाई फोन घेऊन थेट बँकेत गेल्या. कर्ज बघणाऱ्या सलिलने आकडा पाहिला.

"हा त्या अ‍ॅपचा स्वतःचा हिशोब आहे, मावशी. आम्ही हा बघत नाही."

म्हणजे चढला तेही फुकट, पडला तेही. रागवावं की सुटले म्हणावं, त्यांना कळेना. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही काय बघता, ते सांगा."

सलिलने छोटी ठेव ठेवून त्यावर मिळणारं क्रेडिट कार्ड सुचवलं; त्याची फेड बँकेच्या स्कोअरमध्ये धरली जाते. एक दिवस उशीर झाला तर? बिलच चुकलं तर? वर्षाचे किती? त्यांचे प्रश्न संपेनात. मागची रांग कुरकुरत होती.

अ‍ॅप त्यांनी बंद केलं. कार्डावर त्या फक्त पीठ आणि तेल घेत, आणि महिन्याचं महिन्याला फेडत. पुढच्या वर्षी कर्ज मंजूर झालं.

पहिल्या दिवशी मशीनमध्ये पाणी जास्त पडलं, कणीक सैल झाली. त्यांनी मूठभर पीठ टाकलं आणि ते कसं मिसळतंय, हे काचेच्या झाकणातून वाकून बघत राहिल्या.