नव्या गाडीचा पिवळा दिवा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि स्वभावाने जळकुकडी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. मी हळूहळू पुढे सरकत होते आणि जो तो माझ्यात काहीतरी बसवत होता, एवढेच ध्यानात आहे. शेवटी कोणीतरी माझ्या इंजिनात मधाच्या रंगाचे तेल ओतले, किल्ली फिरवली आणि मी पहिला श्वास घेतला.

मला घरी आणले ते एका पेंटरने. तो दुकानांच्या पाट्या रंगवत असे. माझ्या टपावर शिडी, मागच्या सीटवर रंगाचे डबे आणि पुढे शेजारी त्याची बायको, असा आमचा संसार होता. ती बालवाडीत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. पेंटरचे अक्षर असे, की लोक दुकानात शिरण्याआधी पाटी पाहत उभे राहत. आणि पाटी पाहून झाली, की मला पाहत. मी तेव्हा चकचकीत होते.

दर रविवारी सकाळी पेंटर माझे बॉनेट उघडायचा. तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढायचा, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचा, पुन्हा आत घालून बाहेर काढायचा. पट्टीवर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये असले, की इंजिन सुखात. मग तो एक थेंब चिमटीत चोळायचा आणि म्हणायचा, "अजून चालेल," किंवा "आता बदलायला झालं." वैद्याने नाडी पाहावी, तसे ते चालायचे. गल्लीतले लोकसुद्धा आपापल्या गाडीचे तेल कधी बदलायचे, ते त्यालाच विचारत.

पुढे त्याची लेक परिचारिका झाली आणि तिने नवी गाडी आणली.

आली ती थेट माझ्या जागेवर. पत्र्याच्या शेडमधून मला बाहेर काढले आणि झाडाखाली उभे केले. पाखरांनी माझ्या टपाची काय दशा केली, ते मी सांगत नाही. नवी शेडमध्ये ऐटीत उभी. तिचा आवाज तर येतच नसे. मांजर बरे, ते निदान गुरगुरते.

एक दिवस लेकीने पेंटरला हाक मारली. "बाबा, बघा. तेल बदलायची वेळ झाली, की ही स्वतःच सांगते. हा पिवळा दिवा लागतो."

पेंटर वाकला. "वा! किती ठळक दिसतंय."

ठळक! इतक्या वर्षांत मला कोणी ठळक म्हटले नव्हते. माझ्या आतून एक कळ गेली.

त्यानंतर रविवारी पेंटर बाहेर यायचा, पट्टी काढायचा, उजेडात धरून इकडेतिकडे फिरवायचा आणि न बोलता परत ठेवायचा. पुढे पुढे तर त्याने माझे बॉनेट उघडणेच सोडले. तो नवीपाशी जाऊन उभा राहायचा. लेकीने किल्ली फिरवली, की तिच्या काचेतून आत डोकावायचा. मी झाडाखालून पाहत राहायचे आणि धुमसायचे. मनात म्हणायचे, एकदा तरी हिचे टायर पंक्चर होऊ दे.

बाईंनी त्याला विचारलेही. "अहो, या वर्षी हिचं तेल बदललं नाहीत."

"चालतेच कुठे ती? नुसती उभी असते. उगाच कशाला बदलायचं?"

बाई आत निघून गेल्या. मी मात्र ते वाक्य मनात धरून बसले. नवी आली, म्हणजे जुनीचे तेल आटले तरी कुणाला सोयरसुतक नाही, असेच मी समजले. आणि मित्रांनो, तेल खरेच आटत होते. जुने इंजिन थोडे थोडे तेल पीत असते. नेमाने पट्टी पाहणाऱ्याला ते कळते, इतरांना कळत नाही.

मग एका सकाळी पेंटर आणि बाई मला घेऊन बाईंच्या थोरल्या बहिणीकडे जेवायला निघाले. मी खूश होते, कारण नवीला कोणी बोलावले नव्हते. पण गावाबाहेरच्या चढावर माझ्या पोटात कोरडे पडल्यासारखे झाले. लोखंडावर लोखंड घासू लागले. समोरचा लाल दिवा मी पेटवला. पेंटर तसाच चालवत राहिला. मग मी जिवाच्या आकांताने खडखडू लागले.

त्याचे कान तीक्ष्ण होते. त्याने लगेच मला कडेला घेतले आणि किल्ली फिरवून बंद केले. "कसला आवाज हा?"

"तेच मी म्हणते," बाई म्हणाल्या. "आणि तो लाल दिवा मघापासून पेटलेला होता. थांबला का नाहीत?"

"कुठला दिवा?"

बाईंनी हात लांबवून किल्ली अर्धी फिरवली. दिवा पुन्हा लागला. "हा."

पेंटर पुढे झुकला, पार नाक स्टिअरिंगला टेकेपर्यंत. बाई दिव्याकडे पाहत नव्हत्या, त्याच्याकडे पाहत होत्या.

"तुम्हाला दिसत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या.

त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. मग म्हणाला, "पट्टीवरची रेघ दिसेनाशी झाली गं. तेल किती आहे, कळायचंच नाही. जन्मभर लोकांना वाचता यावं म्हणून अक्षरं काढली. मला एक रेघ दिसत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि लेकीच्या गाडीपाशी जाऊन उभे राहता, ते?"

"तिचा दिवा दिसतो मला. तेवढंच बरं वाटतं."

मित्रांनो, ज्या गोष्टीवर मी इतके दिवस जळत होते, ती गोष्ट अशी निघाली. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असती, पण तेवढ्यात बाईंचा फोन ऐकून लेक आली. कशातून? नवीतून. आणि तिने मला दोरीने नवीच्या मागे बांधले. सवतीने पदराला बांधून न्यावे, तशी मी भर रस्त्यातून निघाले. चहाच्या टपरीवरची माणसे पाहत होती.

माझे स्टिअरिंग बाईंनी धरले होते. पेंटरने त्यांना आजवर कधी धरू दिले नव्हते. त्यांचा हात हलका निघाला. नवीच्या मागे जाताना मला तेवढाच दिलासा होता.

मिस्तरीने तळाचा बोल्ट काढला तेव्हा जेमतेम चमचाभर डांबर गळाले. "वेळेवर थांबलात, म्हणून इंजिन वाचलं," तो म्हणाला.

"गाडी चालतच नाही, म्हणून बदललं नाही," पेंटर पुटपुटला.

"बाबा, उभ्या गाडीचंही तेल जुनं होतं," लेक म्हणाली. "ठरलेलं अंतर पुरं झालं की बदलायचं, नाहीतर वर्ष झालं की. दोन्हीतलं जे आधी येईल ते. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर त्याला कुठलंच वर्ष पुरं व्हायची वाट बघायची नाही. उद्याच दाखवायला जायचं."

डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. मला आता बाई चालवतात आणि पेंटर शेजारी बसून वळणावळणावर सूचना देतो. बाई एकही ऐकत नाहीत.

नवीबद्दल विचाराल, तर ती मला अजून आवडत नाही. परवा तिची बॅटरी बसली, तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या. स्वभावाला औषध नाही.

पण मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखे करू नका. घरातल्या कुणी आपले आवडीचे काम गुपचूप सोडून दिले, तर लगेच रुसू नका, त्याचे प्रेम आटले असे समजू नका. जवळ जाऊन बसा आणि काय झाले ते विचारा. मला फक्त खडखडता येते. तुम्हाला बोलता येते.