बेचाळीस वेढे

कामरगावला इब्राहीमचाचांच्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून मिळत. तिथे एक जाड वही होती. कुठल्या मोटारीला किती जाडीची तार आणि किती वेढे, हे आसपासच्या मिस्त्र्यांनी तीत लिहिलेलं. बाजाराच्या दिवशी कोणीही यावं, उतरवून न्यावं. अट एकच: आकडा बदलायचा तर ज्याने लिहिला त्याच्यासमोर, सगळ्यांना वाचून दाखवून.

१९७४ साली बी.एस्सी. होऊन मी तिथे काम शिकू लागलो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचे अडतीस वेढे मला खटकले. हिशोबाने बेचाळीस येत होते. तशी एक मोटार भरली. ती तापली नाही. मी शाईने आकडा बदलला.

तो जुना आकडा आसेगावच्या देवमनदादा मिस्त्रीने लिहिलेला होता. तार ओढायला मला त्यानेच शिकवलं होतं. पुढच्या बाजारी त्याने पान उघडलं.

"हे कोनं केलं?"

"मी. दादा, अडतीसनं मोटार तापते."

"तापत असन. मले इचारलं काय?"

"पण आकडा तर बरोबर आहे ना?"

"मंग वही कायले पाह्यजे? तुमच्या डोक्यातच ठेवा सारं, साहेब!"

बाकीचे हसले. तोवर तो मला शेषा म्हणायचा.

अर्धा चहा ठेवून तो उठला. पुढे कळलं, त्याने आसेगावात वेगळी वही केली आणि दोघे मिस्त्री तिकडे जाऊ लागले.

चाचांनी मला माझा आकडा खोडायला लावला. जुनाही लिहू दिला नाही. "देवमन येईन, तवा भरू."

मी आसेगावला जाऊन माफी मागितली. दादाने चहा पाजला, वहीचं नाव काढलं नाही. दर बाजारी आसेगावकडून येणारी मंगरूळची बस थांबली की मी दादापुरती जागा करून बाकावर सरकून बसायचो. उतरणारे दुसरेच असत.

उन्हाळ्यात आसेगावचे दौलतराव विजेच्या कमी दाबाने जळालेली मोटार घेऊन आले. देवमन लग्नाला गेला होता म्हणून इकडे आणलेली. पाच हॉर्सपॉवर. गाठी त्याच्याच हातच्या होत्या. मी तारेची एक गुंडी कापून वेढे मोजले. पुन्हा मोजले.

"चाचा, बेचाळीस! दादानं माझाच आकडा घेतला. आता लिहू?"

चाचांनी वहीतली ती मोकळी जागा पाहिली.

"आकडा आला, बेटा. देवमन आला काय?"

मी पेनाचं टोपण लावलं.